के. सायमन गोल

"रंग ओला आहे," भिंतीला बोट लावून मी म्हणालो.

"अरे शंकासुरा, माणूस गेलाय आणि तू रंग कसला बघतोस?" शेलारअण्णा माझ्यावर खेकसले. "चप्पल काढ आधी. हात जोड."

मी चप्पल काढली, हातही जोडले. पण बोटाला पांढरा ऑइलपेंट लागला होता, तो लागला होताच. खडकीच्या आमच्या हॉकी मैदानावर सकाळी सकाळी बरीच माणसं जमली होती आणि सगळी त्या भिंतीकडे बघत होती. बॉल रुळांवर जाऊ नये म्हणून रेल्वेच्या बाजूच्या गोलामागे आमच्या युनियन ब्लूज क्लबनं ती भिंत बांधली होती. तिच्यावर निळ्या रंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, 'के. सायमन गोल'. सायमन आमचा गोलकीपर. तो त्या गोलात उभा राहिला की समोरचे फॉरवर्ड आधीच निम्मे हरायचे, म्हणून त्याच्या ऐन भरात क्लबनंच ते नाव दिलं होतं. आता त्या 'के'वर आणखी एक मात्रा चढली होती. के. सायमनचा कै. सायमन झाला होता.

"कधी गेला हो?" कुणीतरी हळूच विचारलं.

"बंगळूरला गेला म्हणे," दुसरा म्हणाला.

"कोण म्हणे?" मी विचारलं.

"कोण म्हणे काय? लिहिलंय की समोर!"

घ्या! आमच्या खडकीत भिंतीवर लिहिलं की झालं, माणूस मेलासुद्धा. माझं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळ दाणकन पाडून आणायचं आणि म्हणायचं, "आपोआप बंद पडलं हो." अशा गिऱ्हाइकांत माझा जन्म गेला. त्यामुळे मी सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून तर लोक मला शंकासुर म्हणायचे. म्हणू देत. आपोआप घड्याळ बंद पडत नाही आणि आपोआप मात्राही वाढत नाही.

संशय यायला तसंच कारण होतं. आदल्या वर्षी लीगच्या फायनलला सायमननं एकामागून एक गोल खाल्ले होते, तेही शाळकरी पोरानं अडवावेत असले. मी त्या गोलामागेच उभा होतो. बॉल यायचा आणि हा भलतीकडेच बघत असायचा. कप गेला. संध्याकाळी बाजारात बातमी फुटली की आदल्या दिवशी, शनिवारी, सायमन रेसकोर्सवर दिसला होता. टोपीवाल्या एका माणसानं त्याच्या हातात पिशवी दिली होती. झालं! टोपीवाला म्हणजे बुकी, पिशवीत पैसे आणि सायमननं मॅच विकली. सोमवारी सायमन गाव सोडून गेला, त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली. लोकांची, माझी नाही. मी स्वतः रेसला जायचो, पण एक पैसा लावायचो नाही, फक्त घोडे बघायला जायचो, आणि हे माझ्या सख्ख्या बायकोलाही खरं वाटायचं नाही. तेव्हा रेसकोर्सवर दिसला म्हणजे विकला गेला, हे मी कसं मानणार? पण तो विकला गेला नाही हे तरी कशावरून? मी दोन्हीकडून गप्प होतो.

बाकीचे गप्प नव्हते. रेसमध्ये घोडा हरला तर लोक तिकीट फाडतात आणि घरी जातात. इथे लोक वर्षभर त्या भिंतीला शेण मारत होते. नावाखाली कोळशानं 'विकला' लिहीत होते. क्लब पुसायचा, ते परत लिहायचे. आणि मैदानाच्या पलीकडच्या चाळीत, त्या भिंतीच्या बरोबर समोर, सायमनची आई ओट्यावर बसून हे सगळं बघायची.

आता एका मात्रेनं सगळा नूर पालटला. गेलेल्या माणसाला शिव्या कशा द्यायच्या? ज्यांनी शेण मारलं होतं त्यांनीच बादल्या आणून भिंत धुतली. मॅचच्या आधी पोरं भिंतीला हात लावून नमस्कार करायला लागली. "काहीही म्हणा, हात होता पठ्ठ्याचा!" असं जो तो बोलायला लागला. चाळीत भेटायला गेलेल्या बायकांना सायमनच्या बहिणीनं, फिलोमिनाबाईंनी, दारातच थांबवलं. त्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. "अम्माला अजून सांगितलेलं नाही. हृदय नाजूक आहे. हात जोडते, तिच्यासमोर विषय काढू नका," असं त्यांनी सांगितलं. मग काय, अख्ख्या बाजारानं ते गुपित जपलं. आमच्या लोकांचं एक आहे, सांगितलं तर सांभाळतात.

पण मला झोप येईना.

"ख्रिश्चन माणसाला कैलासवासी कोण करतं?" मी बायकोला विचारलं. "त्यांच्यात ख्रिस्तवासी म्हणतात. चर्चमध्ये प्रार्थना नाही, काळी पट्टी नाही, घरात रडारड नाही. असं कुठं असतं?"

"अहो, कैलासात जाऊ दे नाहीतर आणखी कुठं. माणूस वर गेला एवढं खरं ना?"

"तेच तर खरं वाटत नाहीये."

"तुम्हाला मी तरी खरी वाटते का?" असं म्हणून ती पाठ फिरवून झोपली.

माझा पहिला संशय अण्णांवर होता. शेलारअण्णा क्लबचे सेक्रेटरी. सायमनचं नाव निघालं की वर्षभर ते पान थुंकायला उठायचे. बाजूनं बोलायचे नाहीत, विरुद्धही बोलायचे नाहीत. आणि आता? आता शोकसभेची घाई सगळ्यात जास्त त्यांनाच. एके दिवशी ते दुकानात आले आणि पत्रक माझ्या काउंटरवर ठेवलं. 'कै. के. सायमन स्मृती सामना.' खाली लिहिलं होतं, प्रतिमापूजन आणि मातोश्रींचा सत्कार.

"अण्णा, त्या बाईंना माहीत नाही ना अजून? मग सत्कार कसला?"

"सत्कार मुलाच्या खेळाबद्दल, असं सांगितलंय. म्हातारी खूश आहे. आणि कधीतरी कळायलाच हवं की. चार लोकांत कळलं तर सावरायला माणसं असतात."

"गेल्याचं नक्की ना पण?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारायला नको होतं ते विचारलंय. "तू घड्याळं दुरुस्त कर," असं म्हणाले आणि निघून गेले. माझा संशय पक्का झाला. त्याच संध्याकाळी मी चाळीत गेलो.

अम्मा ओट्यावरच होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या या, घड्याळवाले! बसा. बघितलं का? आता लोक किती चांगले झाले! आधी माझ्या पोराच्या नावाला शेण मारायचे. आता येतात, हात जोडतात. त्या दिवशी एक पोलीस पण थांबला, त्यानं सलाम केला. मी फिलोमिनाला बोलले, सायमनला सांग, आता ये म्हणावं. आता कोणी रागावलं नाही."

त्या माउलीला मराठी बोलता यायचं, पण वाचता येत नव्हतं. पोराचं नाव भिंतीवर आहे एवढं तिला ठाऊक होतं. वर किती मात्रा आहेत, हे तिला कोण सांगणार? सगळं गाव पोराचं सुतक पाळत होतं आणि आई समजत होती की पोराला मान मिळतोय.

फिलोमिनाबाई आतून लगबगीनं आल्या आणि मला नळाकडे घेऊन गेल्या.

"खळदकरदादा, काही बोलला नाहीत ना?"

"मी नाही बोललो. आता तुम्ही बोला. सायमन जिवंत आहे ना?"

त्यांनी नकार दिला नाही. पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मात्रा मी चढवली. पहाटे, शाळेतल्या रंगानं. दुसरं काही केलं नाही, दादा. एक मात्रा. अम्मा रोज ते शेण बघायची आणि जेवायची नाही. पोरांना शिकवते ना मी, एक मात्रा चुकली की अर्थ बदलतो. म्हटलं, मग मुद्दाम चुकवून बघू."

"आणि त्यानं मॅच विकली होती का?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"तुम्हीसुद्धा?" त्या चिडल्या. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांना आणखी एक भाऊ होता, धाकटा, डेव्हिड. तो लहानपणीच घोड्यांच्या नादानं घर सोडून रेसकोर्सच्या तबेल्यात राहायला गेला होता, म्हणून खडकीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. तो रायडिंग बॉय होता. पहाटे घोडे पळवून तयार करायचे ते या पोरांनी. दुपारी रेसला वर बसतो जॉकी, फोटोही त्याचाच. हे मला माहीत होतं, मी कितीदा बघितलं होतं. त्या शनिवारी पहाटे डेव्हिड घोड्यावरून पडला आणि पाठीचा कणा मोडला. टोपीवाला माणूस तबेल्याचा मुकादम होता. पिशवीत डेव्हिडचे बूट आणि कपडे होते.

"सायमनला रविवारी खेळायचंच नव्हतं," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "अण्णा सकाळी घरी आले. दुसरा गोलकीपर नाही म्हणाले. म्हणाले, 'हॉस्पिटलच्या बाकावर बसून तू काय करणार? सत्तर मिनिटांचा तर प्रश्न आहे.' सायमन गेला. दुसऱ्या दिवशी डेव्हिडला घेऊन बंगळूरला गेला, तिकडे मोठे डॉक्टर आहेत म्हणून."

"म्हणजे अण्णांना सगळं माहीत होतं?"

"सगळं. मी वाट बघत होते, आज बोलतील, उद्या बोलतील. सायमन म्हणायचा, गोल मी खाल्ले, भावाला पुढे करून सुटायचं नाही. आणि मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, आता भावाचं निमित्त काढलं."

"मग आता परत का येत नाही तो?"

त्यांनी ओट्याकडे बघितलं. "डेव्हिड गेला, दादा. नाताळच्या आधीच गेला. अम्माला सांगितलेलं नाही. तिला सांगितलंय की हात मोडला होता, बरा झाला, तिकडच्याच तबेल्यात लागला. सायमन आला की ती पहिलं विचारणार, धाकटा कुठाय? म्हणून तो येत नाही. लांबच्या एका बूथवर फोन करतो फक्त, अम्माला मी तिथं नेते." मग त्यांनी माझे हात धरले. "सामना होऊ दे. सत्कार होऊ दे. पण तो फोटो आणि हार तेवढा थांबवा. हार घातलेला फोटो बघून तिला कळणार. सायमन गेला असं समजून ती तिथेच कोसळेल. मग मी काय सांगू? हा मेला नाही, तो मेला?"

मी तडक अण्णांकडे गेलो.

"सायमन जिवंत आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले आणि पान लावत राहिले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. राहू दे त्याला मेलेला. शिव्या बंद झाल्या ना? मेलेल्याला कोणी काही विचारत नाही."

"आणि तुम्हालाही नाही."

त्यांनी पान खाली ठेवलं. "हे बघ खळदकर, क्लब मी चालवतो. मी त्या दिवशी त्याला नेलं नसतं तर क्लबला मॅच सोडून द्यावी लागली असती. जे झालं ते झालं. तुला बोलायचं असेल तर खुशाल बोल. मग लोक विचारतील, मात्रा कोणी चढवली? शाळेत पोरांना शिकवणारी बाई जिवंत भावाला मारते, सगळ्या गावाला फसवते. नोकरी राहील तिची?"

"निदान हार तरी नको, अण्णा. म्हातारीसाठी."

"हाराशिवाय श्रद्धांजली? लोक म्हणतील काय!"

सामन्याच्या दिवशी मी लवकर मैदानावर गेलो. मांडव, खुर्च्या, माइक, सगळं तयार होतं. टेबलावर सायमनचा मोठा फोटो होता, पॅड बांधलेला, हसणारा. शेजारी परडीत गुलाबाचा हार होता. इकडे तिकडे बघितलं, हार उचलला आणि सायकलच्या पिशवीत कोंबला. आयुष्यात केलेली ती एकमेव चोरी, आणि मला तिची जराही लाज वाटत नाही.

थोड्या वेळानं अण्णा आले. त्यांनी रिकामी परडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीखालून दुसरा हार काढला. "मी दोन आणले होते," ते म्हणाले. "संशय तुलाच येतो का?"

फिलोमिनाबाईंनी अम्माला घरी ठेवायचा प्रयत्न केला असणार, पण अम्मा कुठल्या ऐकतायत! पोराचा मान होता. जरीची साडी नेसून, केसांत फूल माळून त्या आल्या. मागून फिलोमिनाबाई येत होत्या, चेहरा पांढराफटक पडलेला. मी मुद्दाम फोटोच्या पुढे जाऊन उभा राहिलो. अम्मांना नारळ दिला, साडी दिली. टाळ्या पडल्या. त्यांनी सगळ्या मैदानाला नमस्कार केला. मला वाटलं, आता अम्मांना घेऊन जावं, इथूनच घेऊन जावं.

"खळदकर, बाजूला हो," अण्णा माइकवरून म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोघांनी दंड धरून मला बाजूला केलं. अण्णांनी हार उचलला, फोटोला घातला आणि उदबत्ती लावली. "कैलासवासी के. सायमन यांना श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळं मैदान उठलं. दोन्ही टीम स्टिका खाली टेकून उभ्या राहिल्या. पोरांनी टोप्या काढल्या.

अम्मांनी फोटोकडे बघितलं. हाराकडे बघितलं, उदबत्तीकडे बघितलं. मग मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं, आणि शेवटी लेकीकडे. फिलोमिनाबाईंनी मान खाली घातली. म्हातारी आता पडणार, असं वाटून मी एक पाऊल पुढे टाकलं. पण ती पडली नाही. टेबलापाशी गेली आणि दोन्ही हातांनी फोटोवरचा हार काढला.

"सायमन परवा फोनवर बोलला माझ्याशी," त्या म्हणाल्या. माइक चालूच होता. "चांगला आहे तो. जेवला का विचारलं, जेवलो बोलला. याला हार कशाला?"

मैदानात कुजबुज सुरू झाली. अण्णा पुढे आले. "अम्मा, तुम्ही बसा, तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"मला बरं आहे. तू त्या रविवारी माझ्या घरी आलास, शेलार. सायमन रडत होता. धाकटा घोड्यावरून पडला होता आदल्या दिवशी. तू बोललास, भावाजवळ बसून काय करणार, चल खेळायला. मी चहा केला होता तुला. तू प्यालास. मग लोक शेण मारत होते तेव्हा तू कुठे होतास?"

अण्णा एक पाऊल मागे सरले.

अम्मा हार हातात धरून उभ्याच होत्या. "तुम्ही उभे राहिलात, चांगलं केलंत. बसू नका. धाकट्यासाठी उभे राहा. डेव्हिडसाठी. तो मेलाय."

"अम्मा!" फिलोमिनाबाई ओरडल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? फोनवर सायमन दोघांचं बोलतो. डेव्हिड असा बोलला, डेव्हिड तसा बोलला. माझा डेव्हिड कधी इतकं बोलत होता का? आई आहे मी. तुम्ही सांगत नाही, म्हणून मी पण विचारत नव्हते." त्यांनी हार छातीशी धरला. "घोडा पळवायचा तो. पहाटे, अंधारात. कोणी बघायला नसायचं. त्याच्यासाठी कुठे कोणी उभं राहिलं नाही."

मग दोन मिनिटं सुरू झाली. ती कोणी पुकारली नाहीत. पण त्या पोराला कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याचा फोटो नव्हता, भिंतीवर नाव नव्हतं. उभं राहायचं ते कुणाकडे तोंड करून, हेच लोकांना कळेना. सगळे गोंधळून एकमेकांकडे बघत होते. तेव्हा अम्मांनी गोलाकडे पाठ केली आणि नदीपलीकडे, रेसकोर्सच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. फिलोमिनाबाई त्यांच्या शेजारी गेल्या. मी वळलो. आमच्या क्लबची पोरं वळली, समोरची टीम वळली, मग सगळं मैदान वळलं. सगळ्यात शेवटी अण्णा वळले.